लिंबायतचे लिमिया

भाऊ, तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी कामरेजहून जिग्नेशभाईंचा फोन आला. घरात माणसं बसलेली, वहिनी भिंतीला टेकून एकटक बघत असलेली, आणि ह्या गृहस्थाने पहिला प्रश्न काय विचारावा? "बेन, माछली जीवे छे ने?" मासे जिवंत आहेत ना. वहिनी कशा आहेत, जेवतात की नाही, हे सगळं त्यानंतर. मी "आहेत" एवढंच म्हणाले आणि फोन ठेवून दिला. नंतर स्वयंपाकघरात जाऊन दोन भांडी उगाच घासली. राग आला की मी भांडी घासते, तुला माहीत आहे.

पण खरं सांगू का, राग त्यांचा नव्हता. मासे म्हटलं की मी उठून जात होते, आणि ते तू गेल्यापासून नव्हतं. आठ महिने आधीपासून होतं. त्याचं कारण तुला सांगायचं ठरवत होते. आज सांगू, उद्या सांगू, जरा बरा होऊ दे मग सांगू. तू बरा झाला नाहीस आणि माझं सांगायचं राहिलं. आज रविवार आहे, शाळा नाही. सांगायला बसलेय. मध्ये बोलू नकोस म्हणण्याचीही सोय आता उरली नाही.

तुझे मासे आपल्या घरी आले तेव्हा मी तुला वेड्यात काढलं होतं. कामरेजला कुणाच्या तरी नव्या कारखान्यात, तुमच्या भाषेत खात्यात, लूम बसवायला गेला होतास. शेजारी जिग्नेशभाईंच्या माशांच्या टाक्या. संध्याकाळी आलास तो हातात फुगवलेली पिशवी, तिच्यात आठ मासे. मला वाटलं रंगीत काहीतरी असेल, मुलं खूश होतील. बघते तर मातकट पिवळट अंग, त्यावर काळे उभे पट्टे, बोटभर लांबी. वहिनी म्हणाली, "हे तर नाल्यातले दिसतात." जिग्नेशभाईंकडे ते कुठल्याशा मोठ्या खेपेत चुकून आले होते. गिऱ्हाईक विचारेना, म्हणून त्यांनी तुझ्या गळ्यात मारले. तू मात्र बायकोसाठी शालू आणल्यासारखा आनंदात होतास.

नाव शोधून काढलं ते मी. इंग्रजी वाचायला तू मलाच बसवायचास. खात्यात तुला सगळे मास्तर म्हणत, कारण तू लूमचा मास्तर. मी सुरत पालिकेच्या मराठी शाळेत शिकवते, म्हणून गल्लीत मी बाई. मास्तरला इंग्रजी येत नाही आणि बाईला लूम कळत नाही, असं आपलं घर. मी मोबाइलवर वाचत गेले आणि तू तोंड उघडं ठेवून ऐकत राहिलास. लिमिया. हिस्पॅनिओला नावाच्या बेटावरचे. त्या बेटाचा एक भाग हैती, दुसरा डॉमिनिकन देश. आणि आपले पट्टेवाले तर हैतीतल्या मिरागोआन नावाच्या एकाच तळ्यातले. जगात दुसरीकडे कुठल्याही पाण्यात आपणहून ते नाहीत. तू मला ते वाक्य तीनदा वाचायला लावलंस. मग टाकीकडे बघत म्हणालास, "एक तळं फक्त. आणि हाई आठे, लिंबायतमा." इथे, आपल्या लिंबायतमध्ये.

हे मासे अंडी घालत नाहीत, थेट पिल्लंच देतात, हे वाचल्यावर तर तुझी झोपच उडाली. मादी फुगली की तू खात्यातून रजा घ्यायला लागलास. वहिनी आल्यागेल्याला सांगायची, "माझ्या दोन्ही बाळंतपणांना हा माणूस लूमवर होता, आणि माशांच्या बाळंतपणाला घरी बसतो." तू हसायचास, पण टाकीपुढून हलायचा नाहीस. पिल्लं आली की आईच त्यांना गिळते, म्हणून चहाच्या गाळणीने एकेक उचलून बाजूला ठेवायचास. ती गाळणी मग चहाला कुणी वापरायची नाही, असा घरात नियम झाला.

आणि ते पाणी. आपल्या बोअरच्या पाण्याला सगळी गल्ली शिव्या देते. डाळ शिजत नाही, पातेल्यांवर पांढरा थर चढतो, केस राठ होतात. त्या माशांना नेमकं तेच मानवलं. जिग्नेशभाईंनी गोड्या पाण्यात किती लाड केले, तिथे त्यांचे मरत होते. तुझे इथे मजेत. तू गल्लीभर सांगत सुटलास की आपलं पाणी वाईट नाही, आपल्याला प्यायची अक्कल नाही. वहिनी काचेवरचं हिरवं शेवाळ घासायला गेली की ओरडायचास, कारण ते त्यांचं खाणं. पाहुणे विचारायचे, टाकी इतकी घाण का? तू म्हणायचास, घाण नाही, ताट आहे.

वर्षभरात नरांच्या पाठी उंच व्हायला लागल्या. ह्या जातीच्या नराला वयाप्रमाणे कुबड येतं. म्हातारा जितका, तितकी पाठ उंच. मी म्हटलं, भाऊ, तू आणि हे आता एका पट्टीत बसलात. लूमवर वाकून वाकून तुझी पाठही तशीच झाली होती. तू रागावला नाहीस. आरशात बाजूने स्वतःला पाहून घेतलंस आणि म्हणालास, बरोबर आहे. त्या दिवसापासून घरात त्यांचं नाव कुबडे पडलं ते पडलंच.

मग जिग्नेशभाईंनी दुसरी जात आणून दिली. तीही त्याच बेटावरची, डॉमिनिकन भागातली. नराच्या अंगावर निळी झाक. दिसायला कितीतरी देखणी. मला निळे आवडायचे, तुला कुबडे. आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं, जे संपलंच नाही. तू सांगितलंस की ह्या दोन जाती कधीही एका पाण्यात टाकायच्या नाहीत. टाकल्या की मिसळतात, आणि मग ना हे राहत ना ते. जाळी वेगळी, पाण्याची नळी वेगळी, इतकंच काय, कुबड्यांच्या टाकीत हात घातला की धुतल्याशिवाय निळ्यांच्या टाकीत घालायचा नाही.

मी काय गप्प बसणार? मी म्हटलं, वा रे वा. तुझ्या मुलीने ओडिया मुलाशी लग्न ठरवलं तेव्हा अख्ख्या भावकीशी भांडलास. माणूस मिसळला की वाढतो, म्हणालास. वरातीत ह्या वाकड्या पाठीने नाचलास. आणि माशांना सोवळं? तू हातातली जाळी आधी धुतलीस. मग म्हणालास, "माणूस कोठेबी गया तरी माणूसच ऱ्हास. हाऊ मासा मन्हा नही वं बाई, त्या तळाना शे. उद्या तिथलं तळं बिघडलं आणि कोणी विचारलं, तिथे कसा मासा होता, तर खरा दाखवता आला पाहिजे." मी म्हटलं, हैतीहून कोण येणार आहे लिंबायतला विचारायला? तू म्हणालास, "कोणी ना येवो. आपलाकडे शे ना." आपल्याकडे आहे ना, एवढंच. मी विषय बदलला. पण तू जिंकलास असं मी तेव्हा म्हटलं नाही, आणि आताही म्हणत नाही.

तुझा हा हट्ट कुठून आला ते मला ठाऊक होतं. विणलेलं कापड तपासताना जिथे दोष दिसेल तिथे किनारीला लाल दोरा बांधायचा, ही लूमच्या धंद्यातली रीत. म्हणजे पुढच्या माणसाला कळतं की इथे तार तुटलीय, इथे धागा सुटलाय. पुष्कळ जण दोरे बांधायचे विसरतात. विसरायला सांगितलं जातं, हेही तूच मला सांगितलंस. उधन्याच्या एका खात्यात धाकट्या शेठने माल निघायच्या आधी दोरे कापून टाकायला सांगितले. तू कात्री त्याच्या हातात दिलीस आणि म्हणालास, तुम्ही कापा, पण उद्या कोणी विचारलं की मास्तर कोण, तर माझं नाव सांगू नका. दुसऱ्या दिवसापासून तू त्या खात्यात गेला नाहीस. त्या वेळी माझं डी.एड. चालू होतं आणि घर तुझ्या एकट्यावर. आई रडली. मी मात्र त्या संध्याकाळी वर्गातल्या मैत्रिणींना सांगत होते की माझा भाऊ कोण आहे. ती शेखी मी अजून मिरवते. आमच्या शाळेत दरवर्षी एखादं पोर कॉपी करताना सापडलं की त्याला तुझी गोष्ट ऐकावी लागते. कॉपीपेक्षा शिक्षा मोठी, असं मुलं म्हणतात.

म्हणूनच पुढचं सांगायचं मी टाळत आले.

गेल्या आषाढात तू दवाखान्यात होतास. छातीत पाणी झालं होतं. वहिनी तुझ्याजवळ, घरी मी. दुपारी खाडी भरली आणि पाणी गल्लीत शिरलं. लिंबायतच्या माणसाला खाडीचं पाणी नवं नाही. फ्रिज विटांवर, गाद्या माळ्यावर, कागदपत्रं पिशवीत, हे सगळं हात आपोआप करतात. पण ह्या वेळी पाणी पायरी चढून खोलीत आलं. तुझ्या टाक्या जिन्याखाली, खालच्या फळीवर. तुझा फोन आला. धाप लागत होती तरी बोललास, "बाई, कुबडे उचल. पिण्याच्या पाण्याचं पिंप घे, त्याला झाकण शे. निळे राहू दे. दोन्ही एकत्र नको करू." मी म्हटलं, निळे मरतील. तू म्हणालास, "मरू दे. ते जिग्नेशभाईंकडे शेत." त्यांच्याकडे आहेत, पुन्हा मिळतील.

भाऊ, मला ते जमलं नाही. शाळेत पाणी शिरलं तर मी अ तुकडी उचलून ब तुकडी ठेवून येईन का? पिंप एकच होतं. बाकी सगळ्या भांड्यांत मी आधीच पिण्याचं पाणी भरून ठेवलं होतं, ते ओतून द्यायचं मनात आलं नाही. पाणी नडगीला लागलं होतं. मी आधी कुबडे काढले, मग निळे काढले, आणि त्याच पिंपात टाकले. झाकण लावलं आणि पिंप घेऊन जिना चढले. कशी चढले मला माहीत नाही. ह्या गुडघ्यांनी.

थोड्या वेळाने तुझा परत फोन आला. उचलले? हो. वेगळे ठेवले ना? मी म्हटलं, "हो, वेगळे ठेवले."

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. मी टाक्या धुतल्या, पाणी भरलं आणि एकेक मासा जाळीने उचलून वेगळा केला. पट्टेवाले इकडे, निळे तिकडे. मनात म्हटलं, एका रात्रीने काय होतंय. पण तूच मला शिकवलं होतंस, आणि मीच तुला ते वाचून दाखवलं होतं, की ह्या जातीची मादी नराचं बीज महिनोन् महिने पोटात जपून ठेवते. एकदाच्या संगाने पुढची कितीतरी बाळंतपणं होतात. एक रात्र पुरते. म्हणजे त्यानंतर होणारी सगळी पिल्लं संशयाची. तुझी बारा वर्षांची शुद्ध ओळ माझ्या हाताने गेली, आणि वर मी तुला खोटं सांगितलं.

चार दिवसांनी तू घरी आलास. खुर्ची टाकीपुढे ओढायला सांगितलीस. खूप वेळ बघत बसलास. मी स्वयंपाकघरात उभी होते. मग हाक मारलीस. म्हणालास, "बाई, मासा जगाडा तू." मासा जगवलास, एवढंच. डोळ्यांत पाणी होतं तुझ्या. त्यानंतर येणाऱ्या जाणाऱ्याला तू माझं कौतुक सांगत राहिलास. म्हातारी बाई पिंप घेऊन जिना चढली. दर वेळी ऐकताना मला वाटायचं, आता सांगावं. दर वेळी मी चहा टाकायला उठले.

होळीच्या आधी तू गेलास. गंधमुक्तीला, सुतक फिटायच्या दिवशी, उधन्याचे जुने कारागीर आले होते. एक जण उठून बोलला की मास्तरच्या मालात लपवलेला दोष कधी निघाला नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. वहिनी ताठ बसली होती, मुलगी आणि जावई तिच्या दोन बाजूंना. मलाही फार अभिमान वाटला, पण मान मी हलवली नाही. कारण जिन्याखाली तुझ्याच टाकीत लपवलेला दोष पोहत होता, आणि तो कुणाचा हे मला एकटीला माहीत होतं. असं मला वाटत होतं.

जिग्नेशभाई गेल्या रविवारी आले. सोबत थर्माकोलचा डबा, पिशव्या. त्यांच्याकडचे सगळे कुबडे मागच्या वर्षी रोगाने गेले. आता ही जात तुझ्या घरातून पुढे जायची होती. चार जण वाट बघत होते, एक नाशिकचे, एक बडोद्याचे, अजून दोघे. जिग्नेशभाई वहिनीच्या पाया पडले. तिला म्हणाले की हे मासे जिथे जिथे जातील तिथे डब्यावर मास्टरचं नाव असेल. वहिनी पहिल्यांदा हसली, इतक्या दिवसांत.

आता बोलले नसते तर चाललं असतं, भाऊ. कुणाला कळलं नसतं. कळलं असतं तेही वर्षा-दोन वर्षांनी, एखाद्या पिल्लाचा पट्टा मध्येच तुटलेला दिसला असता, आणि मग नाशिकचा माणूस म्हणाला असता, मास्तरचा माल खोटा निघाला. तू वर गेलेला, उत्तर द्यायला कोण? हे मनात आलं आणि मी उभी राहिले. वर्गात उभी राहते तशी. म्हटलं, जिग्नेशभाई, पिशवी खाली ठेवा. हे मासे भाऊच्या नावाने देऊ नका. पुरात मी दोन्ही जाती एका पिंपात टाकल्या होत्या. भाऊला सांगितलं नाही. त्याला शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

जिग्नेशभाईंनी पिशवी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "ए तो मने खबर छे, बेन." त्यांना माहीत होतं. कधीपासून? तू दवाखान्यातून घरी आलास त्या दिवसापासून. त्याच संध्याकाळी तू त्यांना फोन केला होतास. घाबरलेल्या माशाचे पट्टे फिके पडतात, मादी तर ओळखूही येत नाही. मी निळ्यांच्या टाकीत कुबड्यांमधली एक मादी टाकली होती, आणि ती तू खुर्चीत बसल्या बसल्या पाहिली होतीस. सगळं तुला तेव्हाच कळलं होतं. त्यानंतर मला हाक मारलीस आणि म्हणालास, मासा जगाडा तू.

मग जिग्नेशभाईंनी मला त्या बरण्यांबद्दल सांगितलं. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या तू गोळा केल्या होत्यास आणि गच्चीच्या जिन्यावर ओळीने मांडल्या होत्यास, एकेकीत एकेक मादी. मी किती बोलले होते तुला. आजारी माणसाने दिवसातून चार वेळा जिना चढायचा, कशासाठी? तू म्हणायचास, हवा पाहिजे त्यांना. हवा कसली. एकेक मादी एकटी ठेवून तिच्या पोटातलं ते संशयाचं बीज संपायची वाट बघत होतास. पिल्लं झाली की वेगळ्या टाकीत. परत झाली की परत वेगळी. असं चार महिने. मग दोन महिने एकीनेही पिल्लं दिली नाहीत, तेव्हा तू पुराच्या आधीचे तुझे म्हातारे नर काढलेस, ज्यांच्या पाठीकडे बघूनच वय कळतं, आणि ते त्यांच्यात सोडलेस. तू जायच्या दोन आठवडे आधी पहिली पिल्लं झाली. गच्चीवरच्या पिंपात शेवाळावर ती जगतायत, हे जिग्नेशभाईंना माहीत होतं आणि मला नव्हतं. त्या दिवशी फोनवर ते ह्याच पिल्लांबद्दल विचारत होते. तूच त्यांना सांगून ठेवलं होतंस की मी गेलो तर आधी ती बघ.

मोडक्या छातीने जिने चढून तू माझी चूक धूत होतास, आणि मी खालून ओरडत होते की पडशील.

मी रडले, हे सांगायला नको. वहिनीने मला जवळ घेतलं. म्हणाली, "ताई, यांनी मलाही काही सांगितलं नाही. मला म्हणाले, मासे आजारी आहेत." मी म्हटलं, वहिनी, हा माणूस काय होता गं. ती म्हणाली, "होता तसाच होता." तिच्या आवाजात जो ताठा होता तो माझ्याही आवाजात आला.

पण पुढचं ऐक. जिग्नेशभाई म्हणाले, आता बाकीच्यांची काळजी नको, त्यांनाही मास्टरने तेव्हाच सगळं सांगून टाकलं होतं. त्यांचा मोबाइलवर ग्रुप आहे, त्यावर तू बोलून पाठवलं होतंस. त्यांनी ते लावलं. खोलीत तुझा आवाज आला. धापा टाकत, पण आपला नेहमीचा, एकेक शब्द ठेवत बोलणारा.

"मी मास्तर बोलतो, लिंबायतहून. पुरात माझ्याकडून चूक झाली. दोन्ही जाती मी एका पिंपात टाकायला सांगितल्या. घाईत डोकं चाललं नाही. बहीण घरी होती, तिने मी सांगितलं तसंच केलं. दोष माझा आहे. पुढचे सहा-आठ महिने माझ्याकडून मासा कोणी मागू नका. शुद्ध झाला की मी स्वतः सांगेन."

मी ते परत लावायला सांगितलं. दोनदा ऐकलं. तू सांगितलं होतंस, दोन्ही एकत्र नको करू. तुझा तो फोन माझ्या कानात अजून आहे. आणि इथे तू चार अनोळखी माणसांपुढे म्हणतोस, मीच सांगितलं. ज्या माणसाने शेठच्या हातात कात्री दिली, तो.

जिग्नेशभाई म्हणाले, "रेवा दो ने, बेन." राहू द्या. मास्टरची तशीच इच्छा होती. मासे आता चोख आहेत, बाकी काय? मी म्हटलं, मासे चोख आहेत ते भाऊचे. आता भाऊचं बघू. त्यांच्याकडून मोबाइल घेतला आणि त्याच ग्रुपवर बोलले. शाळेच्या प्रार्थनेला बोलते तशी, स्पष्ट.

"मी मास्तरांची बहीण बोलते. मास्तर गेले. पुरात त्यांनी मला दोन्ही जाती वेगळ्या ठेवायला सांगितल्या होत्या. मी ऐकलं नाही, एका पिंपात टाकल्या, आणि वेगळ्या ठेवल्या असं त्यांना खोटं सांगितलं. मास्तरांच्या हातून काहीही बिघडलं नाही. बिघडलं ते त्यांनी आठ महिन्यांत दुरुस्त केलं. जी पिल्लं तुमच्याकडे येतील ती त्यांच्या हातची आहेत. डब्यावर त्यांचं नाव बिनधास्त लिहा."

जिग्नेशभाईंनी वरच्या पिंपातली अर्धी पिल्लं नेली. अर्धी इथेच ठेवली आहेत, ती मी बघणार. निळ्यांनाही मीच बघणार, दोन जाळ्या ठेवून. वहिनी त्यांच्यासाठी पालक उकडायला शिकली.

रागावू नकोस, भाऊ. मी तुझी आज्ञा मोडली, ही काही पहिली वेळ नाही. मला वाचवायला बोललास, मला कळतं, आणि त्यासाठी मी तुझ्या पायांवर डोकं ठेवते. पण चारचौघांपुढे तू आयुष्यात एकच खोटं बोललास, आणि तेही माझ्यासाठी. ते तुझ्या नावावर मी कसं राहू देऊ?